रेकॉर्डचं ट्रेनिंग रेकॉर्ड रूममध्येच द्या की

आमच्याकडे अभिलेख व्यवस्थापनाचं ट्रेनिंग म्हणजे काय असतं ते आधी सांगते. सभागृह, बॅनर, दीपप्रज्वलन, त्यात समई पेटेपर्यंत दोन काडेपेट्या संपतात कारण वर पंखा फुल्ल आणि तो बंद करायचं कुणाला सुचत नाही, मग पीपीटी. पहिल्या स्लाईडवर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५, दुसरीवर माहिती अधिकाराचं कलम ४, तिसरीवर अ ब क ड, म्हणजे कुठला कागद किती वर्षं ठेवायचा त्याचे वर्ग, आणि चौथीपासून मागच्या तीन रांगा मोबाईलमध्ये. दुपारी पुरीभाजी, मठ्ठा, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी आपापल्या टेबलावर आणि टेबलाखाली तेच गठ्ठे, ज्यावर पाय ठेवून आपण काम करतो ते.

मी जिल्हा परिषदेत आहे, कुठल्या ते राहू दे. लिपिक म्हणून लागले, टेबलं बदलत बदलत आता प्रशासन शाखेत आहे आणि नव्याने भरती झालेल्या कनिष्ठ सहाय्यकांना दफ्तराचं शिकवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आलंय, आलंय म्हणजे दुसरं कुणी घेत नाही म्हणून आलंय. ही पोरं हुशार असतात हो, स्पर्धा परीक्षा देऊन देऊन कलमं तोंडपाठ, कलम ४ विचारलं तर उपकलमासकट सांगतील. पण त्यांना सांगा की बाळा १९९६ सालचा एक आदेश काढून आण, की बास, तिथेच ब्रेक लागतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन माणसाला फाईल लावायला आधी शिकवूच नका, आधी फाईल शोधायला लावा. शोधताना जीव मेटाकुटीला आला की लावायची कशी ते तो स्वतःच सांगतो.

मी करते ते असं. सकाळी आल्या आल्या दोघादोघांची जोडी आणि प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, "१९९६-९७ मध्ये अमुक गावच्या प्राथमिक शाळेच्या दोन वर्गखोल्यांना प्रशासकीय मान्यता मिळाली, तो आदेश आणा." बाकी काही सांगत नाही, कुठल्या विभागात जायचं तेही नाही. पोरं आधी शिक्षण विभागात पळतात, शाळा म्हटलंय ना. तिथले भाऊसाहेब मान वर न करता सांगतात की खोल्यांचं बांधकामकडे. बांधकामवाले म्हणतात तेव्हा तो तालुका दुसऱ्या उपविभागात होता. उपविभागातला माणूस फोनवर म्हणतो की मोजमाप पुस्तिका असेल तर बघतो पण प्रशासकीय मान्यता तुमच्या मुख्यालयातूनच निघालेली असणार, परत या. हे सगळं होईस्तोवर बारा वाजतात आणि मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडतो की अरे आदेश निघाला म्हणजे जावक नोंदवहीत नोंद असणार. तो क्षण बघण्यासारखा असतो, कारण आवक-जावक हे टेबल सगळ्यांना कमीपणाचं वाटतं, तिथे टाकलं की लोक तोंड पाडतात, आणि इथे मात्र सगळं गाडं त्याच रजिस्टरवर येऊन थांबतं.

जावक रजिस्टर सापडलं तर नंबर मिळतो, त्या नंबरात शाखेचं संक्षिप्त नाव असतं, त्यावरून शाखा, शाखेवरून त्या वर्षाची रेकॉर्ड रूमला पाठवलेल्या नस्त्यांची म्हणजे फाईलींची यादी, यादीवरून गठ्ठा नंबर, गठ्ठा नंबरावरून रॅक. असं असायला पाहिजे. प्रत्यक्षात यादीत लिहिलेलं असतं "इतर किरकोळ नस्त्या, गठ्ठा १". झालं. मग तो गठ्ठा सोडायचा आणि एकेक कागद बघत बसायचं, आणि रेकॉर्ड रूममध्ये पंखा नसतो हे मी मुद्दाम आधी सांगत नाही.

संध्याकाळी सगळे धुळीने माखलेले, शिंकत, वैतागून बसतात तेव्हा मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते की या फाईलच्या कव्हरवर काय लिहिलेलं असतं तर तुमची दुपार वाचली असती. मग बघा कशी उत्तरं येतात. गावाचं नाव, तालुका, आर्थिक वर्ष, नस्ती कधी सुरू झाली कधी बंद झाली, एकूण पानं किती, विषय नीट. विषयावर तर पोरं अशी तुटून पडतात की विचारू नका, कारण आमच्या निम्म्या फाईलींचे विषय असे असतात की "माहिती सादर करणेबाबत". कसली माहिती, कुणाला सादर, काही नाही, फक्त बाबत. "बैठकीबाबत" नावाच्या फाईली तर एका कपाटात एका ओळीत उभ्या सापडतील. जी गोष्ट मी तासभर स्लाईड दाखवून सांगितली असती आणि कुणी ऐकली नसती ती हे लोक मलाच रागारागात समजावून सांगतात, मी फक्त लिहून घेते.

सहा गठ्ठे पद्धत मी याच्यानंतर शिकवते, आधी नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येक टेबलावरचे कागद सहा भागात ठेवायचे, एक म्हणजे आपल्याकडे कार्यवाहीसाठी प्रलंबित असलेली प्रकरणं, दुसरं प्रतीक्षाधीन म्हणजे आपण पत्र पाठवलंय आणि समोरच्याच्या उत्तराची वाट बघतोय ती, तिसरं नियतकालिकं म्हणजे दर महिन्याला तिमाहीला पाठवायचे अहवाल, चौथं स्थायी आदेश संचिका, पाचवं रेकॉर्ड रूमला पाठवायच्या बंद नस्त्या आणि सहावं नष्ट करायचे कागद. इतकं साधं आणि चांगलं आहे की आणखी काही सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर नसलं तरी चालतंय. पण कुठल्याही ऑफिसात जाऊन बघा, पहिले दोन गठ्ठे हे एवढाले आणि पाचवा-सहावा नुसता नावाला, बोर्ड लावलेला आणि खाली रिकामी जागा, तिथे कुणाची तरी छत्री ठेवलेली. म्हणजे काम संपलं तरी फाईल बंद होत नाही. लोकांना वाटतं असू दे हाताशी, साहेबांनी विचारलं तर. आणि ती हाताशी हाताशी करत बदली होईपर्यंत तिथेच राहते, नंतर येणाऱ्याला ती जिवंत आहे की मेलेली हेच कळत नाही.

चौथा गठ्ठा म्हणजे स्थायी आदेश संचिका, याच्याबद्दल माझं थोडं जास्तच प्रेम आहे. त्या टेबलाला लागणारे सगळे शासन निर्णय, परिपत्रकं, तारखेने लावलेली, वर अनुक्रमणिका. ज्याची ही फाईल चांगली त्याला साहेब घाबरतात, खरंच. आता शासन निर्णय वेबसाईटवर मिळतात हे मान्य, पण कुठला शासन निर्णय नंतरच्या कुठल्या शुद्धिपत्रकाने बदलला हे वेबसाईट आपणहून सांगत नाही, ते टेबलावरच्या माणसाने पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असतं. नवीन पोरांना मी पहिल्या महिन्यात दुसरं काही नाही जमलं तरी चालेल पण आपल्या टेबलाची ही एक फाईल तयार करायला लावते.

आता अ ब क ड. आमच्याकडे अ म्हणजे कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, आणि ड एक वर्ष. गठ्ठे बांधायची कापडं पण वेगवेगळी, अ ला लाल, ब ला हिरवं, क ला पिवळं, ड ला पांढरं. रेकॉर्ड रूममध्ये गेलात तर सगळीकडे लालच लाल दिसेल. याचं कारण ट्रेनिंगच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कारण प्रत्येक ट्रेनिंगमध्ये वक्ता काय करतो, तर अधिनियमातलं शिक्षेचं कलम मोठ्या लाल अक्षरात दाखवतो, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते बेकायदा नष्ट करण्यासाठी, राज्याबाहेर विनापरवानगी नेण्या-बिण्यासाठी आहे, नियमाने नष्ट करण्यासाठी नाही, पण समोर बसलेल्याच्या डोक्यात एवढंच राहतं की कागद फाडला की जेल. मग तो काय करतो, टाचणीच्या मागणीपत्राला पण अ मध्ये टाकतो. निर्णयच घ्यायचा नाही, सगळं कायम. आणि सगळंच कायम ठेवलं की जे खरोखर कायम ठेवायचंय ते त्याच्याखाली दाबलं जातं, ते आता कुणाला सापडणार आहे.

म्हणून मी शिक्षेची स्लाईड काढूनच टाकली. त्याऐवजी नष्ट कसं करायचं ते करून दाखवते. मुदत संपलेल्या नस्त्यांची यादी करा, प्रत्येक नस्तीपुढे तीन गोष्टी तपासा, लेखापरीक्षणाचा आक्षेप शिल्लक आहे का, कोर्टात काही चालू आहे का, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा अपील पेंडिंग आहे का. यातलं एक जरी हो असेल तरी हात लावायचा नाही, मुदत संपून कितीही वर्षं होऊ देत. तिन्ही नाही असेल तर यादीवर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, मग नष्ट करा, आणि नष्ट केलेल्याची नोंदवही मात्र कायम ठेवा कारण उद्या कुणी विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला तेवढंच आहे. एकदा स्वतःच्या हाताने, साहेबांच्या सहीने, पन्नास-साठ नस्त्या नष्ट केल्या की भीती जाते. आणि वर्ग ठरवायचा कधी, तर फाईल बंद करतानाच, ज्याने ती चालवली त्यानेच. त्याला माहीत असतं आत काय आहे. दहा वर्षांनी रेकॉर्डकीपरला कव्हर बघून काय डोंबल कळणार.

नष्ट करणं म्हणजे रद्दीवाल्याला देणं नाही हेही सांगावं लागतं, हसू नका. शिष्यवृत्तीच्या एका अर्जाला आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स, जातीचा दाखला, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला एवढं सगळं जोडलेलं असतं. ते तसंच किलोवर गेलं तर संध्याकाळी चौकातल्या भेळवाल्याकडे कुणाच्या तरी पोरीचा सगळा इतिहास कांदा-शेवेखाली. कापायचं मशीन नसेल तर माणूस उभा करून फाडून घ्या पण अख्खा कागद बाहेर जाता कामा नये.

२०२५ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम आला तेव्हा ऑफिसच्या स्वच्छतेत अभिलेखांचं निंदणीकरण, म्हणजे नको ते कागद निवडून काढून टाकणं, हा मुद्दा पण होता. त्या वेळी एकदम सगळ्यांना जाग आली, जिन्याखालच्या जागा मोकळ्या झाल्या, कपाटांना रंग लागले, आधीचा आणि नंतरचा असे फोटो ग्रुपवर पडायला लागले. चांगलं झालं, नाही म्हणत नाही मी. फक्त घाईत निंदणी झाली की तणाबरोबर पीकही जातं, आणि फोटोत ते दिसत नाही.

आता कायम ठेवायचं ते का ठेवायचं हे पोरांना पटवायला मला पूर्वी फार घसा कोरडा करावा लागायचा. २०२३ नंतर लागत नाही. त्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम सगळ्या जिल्ह्यांत सुरू झालं. मराठा आरक्षणाच्या बाजू-विरोधावर मला इथे काही लिहायचं नाही, तो वेगळा विषय आहे आणि खाली भांडणं नकोत. पण दफ्तराच्या अंगाने बघा काय झालं. ज्या रेकॉर्ड रूमची किल्ली कुणाकडे आहे हे माहीत नव्हतं त्या रेकॉर्ड रूम रात्री उशिरापर्यंत उघड्या राहायला लागल्या. तहसीलमध्ये कोतवाल बुकं निघाली म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचा तो गाव नमुना चौदा, आमच्याकडे शाळांची जनरल रजिस्टरं म्हणजे प्रवेश निर्गम, भूमी अभिलेखकडचे जुने उतारे. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मान आला, मराठवाड्यात उर्दू वाचणारे शोधावे लागले, समिती हैदराबादलाही जाऊन आली कारण निजामाच्या काळातलं दफ्तर तिकडे. आणि लाखांनी नोंदी सापडल्या. त्या कुणी लिहिल्या होत्या? कुठल्यातरी खेड्यातल्या मास्तरांनी, कोतवालाने, बोरूने किंवा टाकाने, महिन्याला तुटपुंजा पगार घेऊन, आणि त्यांना माहीतही नव्हतं की एवढ्या वर्षांनी या एका ओळीवर कुणाची ॲडमिशन ठरणार आहे.

आणि जिथे सापडल्या नाहीत तिथेही का सापडल्या नाहीत ते बघण्यासारखं आहे. शाळेच्या रजिस्टरला वाळवी लागलेली, पहिली चार पानं गेलेली, किंवा शाळेचं छप्पर गळायचं म्हणून मुख्याध्यापकांनी रजिस्टरं सरपंचाच्या घरी ठेवली आणि सरपंचाचा वाडा पडला. जनरल रजिस्टर हे कायमचं रेकॉर्ड आहे हे प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असतं. पण लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, खाली विटा लावून उचलून ठेवावं, पावसाळ्याआधी एकदा सगळं बाहेर काढून झटकावं, हे कोण सांगणार त्यांना. पीपीटीत नसतं.

इथेच मी पोरांना अजून एक गोष्ट शिकवते ती म्हणजे ऑफिसचा इतिहास. हे फालतू वाटेल पण शोधाशोधीत सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. जिल्हा परिषदा झाल्या १ मे १९६२ ला. त्याच्या आधीचा शाळेचा कागद शोधायचा तर जिल्हा परिषदेच्या नावाने शोधून काय उपयोग, तेव्हा डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड होतं, त्याचे रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे वेगळे असतात आणि बहुतेक सगळ्यात मागच्या रॅकवर. मग जिल्हे फुटले. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१, लातूर आणि गडचिरोली १९८२, नंदुरबार आणि वाशीम १९९८, हिंगोली आणि गोंदिया १९९९, पालघर २०१४. एखादा म्हातारा माणूस वाशीमला येऊन आपल्या नोकरीची १९७५ ची नेमणूक विचारतो आणि तिथला नवा मुलगा रेकॉर्ड उपलब्ध नाही असं लिहून मोकळा होतो, अरे तेव्हा वाशीम अकोल्यात होतं, अकोल्याला पत्र टाक ना. उपलब्ध नाही हे दोन शब्द लिहायला फार सोपे आहेत आणि ते एकदा लिहिले की समोरच्याच्या पेन्शनचं वाटोळं होतं.

आणि "फाईल सापडत नाही" हे माहिती अधिकारात चालत नाही हेही लक्षात ठेवा. कायद्यात माहिती नाकारायची जी कारणं दिलीत त्यात गहाळ हे कारणच नाही, दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये हे स्पष्ट म्हटलंय की आधी नीट शोध घ्या, नाही सापडली तर चौकशी करून जबाबदारी ठरवा. जन माहिती अधिकाऱ्याला उशिराचा दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड, तो त्याच्या खिशातून. आणि कलम ४ मध्ये अगदी पहिलं वाक्यच हे आहे की सगळे अभिलेख सूची करून, निर्देशांक लावून ठेवा. म्हणजे अर्ज यायच्या आधीचं काम आहे ते. आपण अर्ज आल्यावर तीस दिवसात सुरू करतो.

फाईली खरंतर हरवतात कधी, तर बदल्यांच्या वेळी. मे-जून महिना आला की आज आदेश, उद्या कार्यमुक्त, परवा नवीन ठिकाणी हजर. चार्ज यादी बनते, पण कशी, तर "टेबलावरील सर्व नस्त्या, १ संच". मी तर म्हणते रेकॉर्डचं खरं ट्रेनिंग चार्ज घ्यायच्या दिवशीच ठेवावं. देणारा आणि घेणारा समोरासमोर, प्रत्येक नस्तीचा नंबर, विषय, पानांची संख्या, सध्या कुठे आहे, दोघांच्या सह्या. पानांना नंबर टाकलेले नसले तर तिथेच टाकायचे, टिपणीची बाजू वेगळी, पत्रव्यवहाराची बाजू वेगळी. नवीन माणसाला लाज वाटते सीनियर माणसाला म्हणायला की अण्णा थांबा जरा मोजू द्या. तर ती लाज घालवायला मी त्यांच्याकडून चक्क नाटक करून घेते, एक जण घाईत असलेला अण्णा, बाहेर रिक्षा उभी आहे, दुसऱ्याने तरीही मोजायचं. हसून हसून पुरेवाट होते पण नंतर दोघातिघांनी येऊन सांगितलं की मॅडम मोजून घेतलं, चार नस्त्या कमी होत्या, अण्णांच्या घरी निघाल्या.

कागदाच्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. टाचणी आणि स्टेपलर नको, गंजतात आणि डागाबरोबर अक्षर खातात, टॅग वापरा. फॅक्सवर आलेला आदेश तसाच लावू नका, तो चकचकीत कागद काही वर्षांत कोरा होतो, नव्वदच्या दशकातल्या कितीतरी फाईलींत आज नुसते पांढरे कागद आहेत ज्यावर एकेकाळी मंत्रालयाचा आदेश होता, आला की लगेच झेरॉक्स काढून ती लावा. (एटीएमच्या पावतीचं पण हेच होतं, प्रवासभत्त्याला जोडणाऱ्यांनी लक्षात घ्या.) रेकॉर्ड रूम बहुतेक तळमजल्यावर असते कारण कागदाचं वजन प्रचंड असतं आणि वरच्या स्लॅबला ते झेपत नाही, मग पूर आला की पहिलं पाणी तिथेच. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळूण-महाडमध्ये हे सगळ्यांनी बघितलं. भिजलेली फाईल कडक उन्हात टाकायची नाही आणि ओली असताना पानं ओढून सुटी करायची नाहीत, मध्ये कोरे कागद घालायचे, पंख्याखाली ठेवायची, कागद बदलत राहायचं. आणि खालचा रॅक रिकामा ठेवा हो, एवढं तरी करता येतं.

आता कॉम्प्युटर. ई-ऑफिस आलं म्हणजे फाईली कॉम्प्युटरवरच चालायला लागल्या, स्कॅनिंग झालं, सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली त्यानंतर या सगळ्याला जोर आला आणि ते बरोबरच होतं, तेव्हा जळालेल्या फाईली खालच्या कार्यालयांतल्या प्रती मागवून मागवून उभ्या कराव्या लागल्या होत्या. पण स्कॅन केलं म्हणजे रेकॉर्ड सांभाळलं असं नाही. एजन्सीने स्कॅन करून दिलेल्या हार्ड डिस्कमध्ये "स्कॅन ००१", "स्कॅन ००२", "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर २". रेकॉर्ड रूममधला "इतर किरकोळ" गठ्ठा तसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये गेला, फक्त आता धूळ नाही. त्यामुळे चिठ्ठीचा खेळ मी कॉम्प्युटरवर पण घेते, मागच्या वर्षीचं एक पत्र पाच मिनिटांत काढून दाखवा, स्वतःच्याच टेबलावरचं. व्हॉट्सॲपमध्ये खाली खाली सरकवत बसतात बिचारे. साहेबांनी ग्रुपवर फोटो काढून टाकलेला आदेश, त्यावर सगळ्यांचे अंगठे, आणि मूळ कागद कुणाकडेच नाही. तो आदेश ईमेलने किंवा ई-ऑफिसवर मागून घ्या, निदान प्रिंट काढून नस्तीत लावा आणि टिपणीत लिहा की अमुक तारखेला ग्रुपवर आला.

फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग गाव, मग विषय, एवढा नियम ठेवला तरी आपोआप रांगेत लागतात. आणि जुन्या फॉन्टचं लचांड आहे ते वेगळंच. युनिकोडच्या आधी जे श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएममध्ये टाईप केलंय ते आज उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची भेळ दिसते. मोडी वाचणारा आजही मिळतो पण २००३ सालच्या सीडीतली सेवाज्येष्ठता यादी वाचणारा मिळत नाही, कारण तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरमध्ये होता तो भंगारात गेला. कुणाकडे अशा सीड्या असतील तर आत्ताच, सीडी ड्राईव्ह असलेला एखादा कॉम्प्युटर जिवंत आहे तोवर, काढून युनिकोडमध्ये करून ठेवा, आणि एक छापील प्रत ठेवा म्हणजे ठेवाच.

साहेब लोक या ट्रेनिंगला येत नाहीत, उद्घाटनाला येतात आणि "पुढच्या मीटिंगला जायचंय" म्हणून जातात. मागे एका साहेबांना मी गमतीत म्हटलं की सर तुम्ही पण एक चिठ्ठी उचला. त्यांनी खरंच उचलली. एका बंद झालेल्या पाणीपुरवठा योजनेचा हस्तांतरणाचा कागद होता, सोपा नव्हता. सोबत आमचे रेकॉर्डकीपर मामा, त्यांना सगळं तोंडपाठ पण मी त्यांना आधीच दम दिलेला की सांगायचं नाही. साहेब तास-सव्वा तास आत होते, घामाघूम, वरच्या रॅकवरचा गठ्ठा काढायला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्टूल ठेवून चढायला लागले तेव्हा मामाच घाबरून ओरडले. कागद काही सापडला नाही, पण बाहेर येऊन त्यांनी पहिलं काय केलं तर शिडीच्या मागणीपत्रावर उभ्या उभ्या सही केली, जे आस्थापनेत कधीचं पडून होतं. शिडी आली. दोन पंखे पण आले. रॅकचं टेंडर निघालंय, बघू.